टोमॅटोची पाने का वळतात?

घरच्या कुंडीत किंवा परसातील वाफ्यात टोमॅटो लावणाऱ्याला पहिल्याच हंगामात जो प्रश्न भेडसावतो, तो फळांचा नसून पानांचा असतो. रोप जोमाने वाढत असते, पहिली फुले दिसू लागलेली असतात आणि एके दिवशी दुपारी लक्षात येते की, पाने वळली आहेत. कोठे ती द्रोणासारखी वर उचललेली असतात, कोठे पुंगळीसारखी गुंडाळलेली, तर कोठे मूठ मिटावी तशी खाली झुकलेली. मग शेजारी, माळी, रोपे विकणारा असे सर्वजण एकेक कारण सांगू लागतात. कोणी पाणी वाढवा म्हणतो, कोणी पाणी तोडा म्हणतो. औषध मारा, असे मात्र सगळेच म्हणतात.

दिल्लीतील माझ्या एका स्नेह्यांची हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. फेब्रुवारीत त्यांनी गच्चीवर टोमॅटोची पाच रोपे लावली. एप्रिलच्या मध्याला त्यांतील दोन झाडे पुरुषभर उंच होऊन हिरव्या फळांनी लगडली होती. परंतु त्यांची खालची पाने वर वळून त्यांच्या पुंगळ्या झाल्या होत्या. टोमॅटोची पाने वळणे हा विषाणूचा रोग असतो आणि तो पसरतो, एवढे या गृहस्थांनी कोठेतरी वाचलेले होते. त्यांनी मन घट्ट करून ती दोन्ही झाडे फळांसकट उपटून टाकली. कोपऱ्यात एक खुरटे रोप होते. त्याच्या शेंड्याशी बारीक, पिवळसर कडांच्या पानांचा झुबका झाला होता. ते अशक्त आहे असे समजून त्याला त्यांनी जादा खत दिले, रोज त्याची विचारपूस केली. तीन आठवड्यांत उरलेल्या दोन झाडांच्या शेंड्यांनाही तसाच झुबका आला. उपटलेली दोन्ही झाडे निरोगी होती आणि जिवापाड जपलेले रोपच रोगी होते, हे मे महिन्यात ध्यानात आले तेव्हा गच्चीवर खाण्याजोगे फारसे काही उरले नव्हते.

या गृहस्थांचे वाचन चुकीचे नव्हते, अपुरे होते. पान वळणे हे लक्षण आहे. तो रोग नव्हे. माणसाला ताप येतो तेव्हा हिवताप, विषमज्वर, साधे पडसे यांपैकी कशाने आला, हे तापावरून कळत नाही. त्यासाठी दुसऱ्या चार गोष्टी पाहाव्या लागतात. पानाचेही तसेच आहे. आपल्या भाषेतील नावे या बाबतीत थोडी दिशाभूल करतात. चुरडा-मुरडा, बोकड्या, कोकडा हे शब्द शेतकऱ्यांच्या तोंडी रूढ आहेत आणि ते मोठे चित्रमय आहेत. परंतु ते पान कसे दिसते तेवढेच सांगतात, कशामुळे तसे झाले ते सांगत नाहीत. मिरचीवर फुलकिड्यांनी वा कोळ्यांनी पाने आकसली तरी चुरडा-मुरडा आणि टोमॅटोवर विषाणूमुळे आकसली तरी चुरडा-मुरडाच. परिणामी मिरचीसाठी आणलेले औषध टोमॅटोवर मारले जाते, त्याचा काहीही उपयोग होत नाही, आणि आठ दिवसांत जे फळ ताटात यायचे त्यावर विनाकारण विष बसते.

म्हणून फवारणीच्या पंपाकडे हात जाण्यापूर्वी झाडाजवळ दहा मिनिटे बसावे. शक्यतो सकाळी बसावे, कारण दुपारच्या उन्हात निरोगी झाडही मलूल दिसते. पहिली गोष्ट पाहायची ती ही की, वळलेली पाने झाडावर कोठे आहेत. बुंध्याजवळची जुनी की शेंड्याकडील कोवळी? झाडाचा शेंडा हा त्याच्या आजच्या प्रकृतीचा आरसा असतो, तर खालच्या पानांवर गेल्या महिन्याभराचा इतिहास लिहिलेला असतो. दुसरे म्हणजे वळलेल्या पानांचा आकार. वळलेली असली तरी ती पूर्ण मोठी आहेत, की मुळातच बारीक राहिली आहेत? तिसरे म्हणजे रंग. आणि शेवटी पान उलटून त्याची खालची बाजू नीट पाहावी. हे काम बहुतेक लोक करीतच नाहीत, आणि निम्मा पुरावा तेथेच दडलेला असतो. पान वर वळले की खाली, हेही अर्थात पाहावे, परंतु केवळ दिशेवर भिस्त ठेवू नये. एकाच रोगात दोन्ही तऱ्हा दिसू शकतात.

पुंगळी झालेली जुनी पाने

सर्वांत अधिक आढळणारा आणि सर्वांत कमी घातक असा प्रकार आधी पाहू. यात झाडाच्या खालच्या, पूर्ण वाढलेल्या पानांच्या पर्णिका मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंनी वर उचलल्या जातात आणि हळूहळू त्यांच्या कडा एकमेकींना भिडतात. अशा पानाला हात लावला तर ते जाड, काहीसे चामड्यासारखे, किंचित कडक लागते. त्याचा हिरवा रंग कायम असतो. शेंड्याची वाढ थांबलेली नसते, फुले येत असतात, फळे धरत असतात. हा कोणत्याही जंतूचा वा किडीचा उपद्रव नव्हे. झाडाने परिस्थितीला दिलेले ते उत्तर होय.

ही परिस्थिती कोणती, हे कुंडीतल्या झाडाच्या बाबतीत सहज कळते. पारा ३५ अंशांच्या वर गेला, कोरडा वारा सुटला की पानांतून पाणी झपाट्याने उडून जाते आणि मुळांना तेवढ्या वेगाने ते पुरवता येत नाही. जमिनीतील झाडाची मुळे खोल ओलाव्यापर्यंत पोहोचतात. कुंडीतल्या झाडाला मात्र तेवढ्याशा मातीवरच भागवावे लागते, आणि ती मातीही सिमेंटच्या तापलेल्या गच्चीवर चहूबाजूंनी भाजून निघत असते. अशा वेळी पान स्वतःला गुंडाळून उन्हापुढील आपले क्षेत्र कमी करते. वरील हकीकतीतील दोन उंच झाडांनी एप्रिलच्या उन्हात नेमके हेच केले होते. फळांनी लगडलेल्या झाडावर हा ताण अधिक पडतो, म्हणजे एका अर्थी झाडाची संपन्नताच येथे रोगासारखी दिसते.

दुसरे एक कारण माणसाच्या उत्साहात आहे. टोमॅटोची बगलफूट खुडावी म्हणजे फळे मोठी होतात, असे वाचून पुष्कळ लोक एकाच दिवशी झाडावरील सगळी बगलफूट खुडून टाकतात. पानांत तयार होणारी साखर वाढत्या कोंबांकडे जात असते. ते कोंबच एकदम नाहीसे झाले म्हणजे ती पानांतच साचून राहते आणि पाने जाड होऊन वळतात, असे मानले जाते. नत्रयुक्त खत प्रमाणाबाहेर दिल्यानेही पाने गडद हिरवी होऊन वळतात. शिवाय काही वाणांचा तो स्वभावच असतो. विशेषतः उंच वाढणाऱ्या वाणांत ही प्रवृत्ती अधिक दिसते.

यावर उपाय म्हणजे औषध नव्हे. कुंडीतील माती दोन बोटे खोल कोरडी झाली की सकाळी भरपूर पाणी द्यावे, मातीवर वाळलेल्या पाल्याचा किंवा भुश्श्याचा थर पसरावा, दुपारी बारा ते चार या वेळेत जुन्या धोतराची का होईना सावली करावी. खुडणी करायचीच तर दोन-दोन फुटवे काढून करावी. वळलेली पाने पुन्हा सपाट होतीलच असे नाही, आणि झाली नाहीत म्हणून बिघडत नाही. तशाच अवस्थेत ती झाडाचे पोषण करीत राहतात.

येथे एक धोका सांगितला पाहिजे. पाने वळली की पाणी कमी पडले, असे समजून कित्येकजण दिवसातून तीन वेळा पाणी घालतात. कुंडीचे भोक बुजलेले असेल तर माती चिखल होते आणि मुळांना हवा मिळत नाही. मग पाने पुन्हा वळतात, पण आता निराळ्या रीतीने. पुंगळी होत नाही. पानाचे देठच खाली वाकते आणि सबंध पान छत्री मिटल्यासारखे खोडालगत झुकते. या घटनेची कार्यपद्धती मोठी मनोरंजक आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातील ब्रॅडफर्ड आणि यांग या संशोधकांनी १९८० मध्ये टोमॅटोच्याच झाडांवर ती दाखवून दिली. हवेवाचून गुदमरलेल्या मुळांत एक रासायनिक पदार्थ साठतो. तो रसाबरोबर वर चढतो आणि पानांत प्राणवायू मिळताच त्याचे इथिलीन या वायूत रूपांतर होते. केळी पिकवणारा वायू तो हाच. त्याच्या प्रभावाने देठाच्या वरच्या बाजूच्या पेशी खालच्या पेशींहून अधिक वाढतात आणि देठ वाकतो. मुळे बुडाली ही वार्ता पानांपर्यंत अशी पोहोचते. पाने झुकलेली आणि माती ओलीचिंब, असे दिसले म्हणजे पाणी पूर्ण थांबवून कुंडीचे भोक मोकळे करावे. आणखी पाणी देणे म्हणजे बुडणाऱ्याला घोटभर पाणी पाजणे होय.

शेंड्याचा झुबका

आता ज्याला खरोखर भ्यावे त्या रोगाकडे वळू. मराठी कृषिग्रंथांत याला पर्णगुच्छ असेही म्हणतात आणि ते नाव चुरडा-मुरडापेक्षा अधिक नेमके आहे. रोगाचा आरंभ नेहमी शेंड्याकडून होतो. नवीन येणारी पाने आधीच्या पानांहून लहान असतात, मग त्यांहून लहान येतात. त्यांच्या कडा बहुधा वर व आत वळतात, कधी खालीही, पृष्ठभाग सुरकुततो. कडांशी आणि शिरांच्या मधल्या भागात पिवळेपणा येतो. दोन पानांतील खोडाचे अंतर कमी होत जाते, त्यामुळे शेंड्याशी पानांचा गुच्छ बनतो आणि सबंध झाड झुडपासारखे दिसू लागते. फुले येतात, पण गळून पडतात. रोग लागण्यापूर्वी धरलेली फळे वाढून पिकतात. त्यानंतर मात्र फारसे काही हाती लागत नाही.

भारतात या रोगाचा शास्त्रीय वृत्तांत वासुदेव आणि साम राज यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. त्याला कारणीभूत असणारे विषाणू ज्या कुळातले आहेत त्यांचे कण दोन-दोन चिकटून जुळ्यांसारखे दिसतात. येथे अनेकवचन वापरले आहे ते हेतुपूर्वक. कारण हा एकच विषाणू नसून निकट नात्यातील अनेक विषाणूंचा गोतावळा आहे. उत्तर भारतात प्रामुख्याने आढळणाऱ्या विषाणूला नवी दिल्लीचे नाव मिळाले आहे, तर दक्षिणेतील एकाला बंगलोरचे. पहिल्याचे आनुवंशिक द्रव्य दोन तुकड्यांत विभागलेले असते, दुसऱ्याचे एकाच. दिल्लीचे नाव लाभलेला विषाणू टोमॅटोवरच थांबलेला नाही. मिरची, बटाटा आणि घोसाळे, काकडी यांसारख्या वेलींवरही तो आढळतो, आणि २०१२ नंतर तो स्पेनमधील काकडीवर्गीय पिकांतही शिरला. घरच्या बागेपुरता याचा अर्थ असा की, टोमॅटोशेजारच्या मांडवावरील पिवळट, सुरकुतलेल्या पानांचा वेल हा परका समजू नये.

हा विषाणू झाडाकडून झाडाकडे नेण्याचे काम पांढरी माशी करते. नावाने ही माशी असली तरी कुळाने ती मावा, तुडतुडे यांची आप्त आहे. तिची लांबी जेमतेम एक मिलिमीटर. पंखांवर पिठासारखी पूड. पानाच्या खालच्या बाजूला ती बसते, तेथेच अंडी घालते, तेथेच तिची पिले खवल्यांसारखी चिकटून रस शोषत राहतात. झाड हलवले की पांढरा धुरळा उडाल्यासारखा या माश्या उडतात आणि क्षणात परत बसतात. रोगी झाडावर काही मिनिटे रस शोषला तरी विषाणू तिच्या शरीरात जातो. काही तासांनी ती रोग पसरवण्यास समर्थ होते आणि पुढे बहुधा मरेपर्यंत तशीच राहते. रोग लावण्यास अशी एक माशीही पुरेशी ठरू शकते. त्यामुळेच पानाखाली माश्या दिसल्या नाहीत, म्हणून रोग नाही, असे म्हणता येत नाही. जिने रोग आणला ती केव्हाच उडून गेलेली असेल. लागण झाल्यावर लक्षणे दिसण्यास साधारणतः दोन ते तीन आठवडे लागतात. या मधल्या काळात झाड वरकरणी निरोगी असते आणि त्यावर बसणाऱ्या प्रत्येक माशीला विषाणू पुरवू शकते.

लागण केव्हा झाली यावर सर्व काही अवलंबून असते. शास्त्री आणि सिंह या संशोधकांनी १९७३ मध्ये या नुकसानीचे मोजमाप प्रसिद्ध केले. पुनर्लागणीनंतर २० दिवसांच्या आत रोग लागलेल्या झाडांचे उत्पन्न सुमारे ९२ टक्क्यांनी घटले, ३५ दिवसांनी लागलेल्यांचे ७४ टक्क्यांनी, तर ५० दिवसांनी लागलेल्यांचे सुमारे २९ टक्क्यांनी. या तीन आकड्यांत घरच्या बागाइताला हवा असलेला निर्णय दडलेला आहे. लहानपणी रोग लागलेल्या रोपाकडून काहीही अपेक्षा करू नये. ते ताबडतोब काढावे. उलट, फळांचे चार-पाच घोस धरलेल्या झाडाच्या शेंड्याला उशिरा झुबका आला आणि आसपास दुसरी लहान रोपे नसली, तर धरलेली फळे पिकेपर्यंत ते ठेवण्यास हरकत नाही. जवळ कोवळी रोपे असतील तर मात्र तेही ठेवू नये. दया येथे महागात पडते.

हा रोग लागलेले झाड बरे करणारे औषध नाही. ही गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगणे आवश्यक आहे, कारण बाजारात अशी औषधे मागणारे आणि विकणारे दोघेही असतात. फवारणीने मरतात त्या माश्या, विषाणू नव्हे. आणि एका गच्चीवरील माश्या मारल्या तरी शेजारच्या पडीक जागेवरून नव्या येतात. धोतरा, गाजरगवत, ओसाडी यांसारख्या तणांवर पांढरी माशी आणि तिचे विषाणू वर्षभर तग धरून राहतात. म्हणून या लढाईत खरी कसोटी लागते ती रोपे लहान असताना. बी टाकल्यापासून पुनर्लागणीपर्यंतचे २५ ते ३० दिवस रोपे बारीक विणीच्या नायलॉन जाळीखाली वाढवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय होय. मच्छरदाणीच्या कापडाची वीण त्यासाठी पुरेशी दाट नसते. इंचाला ४० ते ५० छिद्रे असलेली जाळी घ्यावी. रोपे विकत आणायची असतील तर आणण्यापूर्वी पाने उलटून पाहावीत. चिकट पिवळ्या पट्ट्या टांगल्याने माश्या आल्या की नाही हे लवकर कळते, एवढाच त्यांचा उपयोग समजावा. पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवून गाळलेले पाणी, संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारल्यास माश्यांची पिले कमी होतात. हंगामाचाही विचार करावा. दक्षिणेत फेब्रुवारी ते मे या उन्हाळी पिकावर या रोगाचा कहर असतो. उत्तरेत पावसाळ्याच्या अखेरीस लावलेल्या रोपांवर तो अधिक येतो. थंडीत माश्या कमी होतात आणि रोगही ओसरतो.

या रोगाच्या इतिहासातील एक गोष्ट मला नेहमी विचार करायला लावते. टोमॅटो हे मूळचे दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या परिसरातले झाड. आपल्याकडील हे विषाणू या भूमीतले, येथल्या रानटी झाडांवर वाढलेले. परदेशातून आलेल्या पाहुण्याची या यजमानांशी पूर्वीची ओळख नव्हती, त्यामुळे त्याच्यापाशी प्रतिकारही नव्हता. तो प्रतिकार शेवटी सापडला तो टोमॅटोच्या अँडीजमधीलच रानटी, केसाळ पानांच्या एका आप्ताकडे. हिसार येथे कल्लू आणि बॅनर्जी यांनी त्याच्यापासून प्रतिकारशक्ती लागवडीच्या टोमॅटोत आणली आणि १९९० मध्ये ते काम प्रसिद्ध केले; त्यातून निघालेली एच-२४ ही जात पुढे जगभरच्या वाणनिर्मितीत उपयोगी पडली. बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने काढलेला अर्का रक्षक हा संकरित वाण पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि करपा अशा तिन्हींना प्रतिकारक आहे. ज्याच्या घराजवळ पांढऱ्या माशीचा उपद्रव दरवर्षीचा आहे, त्याने औषधाच्या बाटलीवर खर्च करण्याऐवजी अशा वाणाच्या बियांवर करावा. मात्र प्रतिकारक म्हणजे अभेद्य नव्हे. विषाणूंचे प्रकार अनेक आहेत आणि एकाला दाद न देणारा वाण दुसऱ्यापुढे नमू शकतो.

इतर संशयित

शेंड्याची पाने आकसली, पण पिवळी पडली नाहीत. उलट खालून तांबूस-तपकिरी, तेल लावल्यासारखी चकचकीत दिसू लागली आणि कडा खाली वळल्या, तर विषाणूपेक्षा कोळ्यांचा संशय घ्यावा. हा कोळी जाळे विणणारा नव्हे. तो मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याहूनही लहान असल्याने दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाशिवाय दिसत नाही. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याचे भिंग या कामी उत्तम. येथे मात्र उपचार आहे आणि तो लागू पडतो. दर लिटर पाण्याला २ ते ३ ग्रॅम पाण्यात मिसळणारे गंधक संध्याकाळी फवारल्यास दहा-बारा दिवसांत नवी पाने सरळ येऊ लागतात. कडक उन्हात गंधक फवारू नये. त्याने पाने भाजतात. विषाणू समजून उपटली गेलेली कितीतरी झाडे वस्तुतः कोळ्यांनी गांजलेली असावीत, अशी मला शंका आहे.

मावा ओळखणे सोपे. पाने खाली वळलेली, हाताला चिकट लागणारी आणि खोडावरून मुंग्यांची ये-जा. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने आणि साबणाच्या सौम्य पाण्याने तो आटोक्यात येतो.

पाने हिरव्या-फिक्या ठिपक्यांनी चितारल्यासारखी दिसत असतील आणि अरुंद होऊन नेच्याच्या पानांसारखी झाली असतील, तर तो मोझेक रोग असू शकतो. त्याचा एक विषाणू तंबाखूचा आहे आणि तो माशीने नव्हे तर माणसाच्या हातांनी पसरतो. वाळलेल्या तंबाखूत, विडीतही तो टिकून राहतो. तेव्हा तंबाखू मळण्याची सवय असलेल्या गृहस्थाने त्याच हातांनी टोमॅटोची बगलफूट खुडू नये. साबणाने हात धुऊन मगच झाडाला हात लावावा.

राहता राहिले तणनाशक. टू-फोर-डी या तणनाशकाला टोमॅटो कमालीचा संवेदनशील आहे. वसाहतीच्या आवारात गवत मारण्यासाठी ते फवारले आणि वारा आपल्याकडे असला, अथवा त्याच पंपातून दुसऱ्या दिवशी टोमॅटोवर निंबोळी अर्क मारला, तरी पाने खाली वळतात, देठ पिळवटतात, नवी पाने दोरीसारखी चिंचोळी येऊन त्यांच्या शिरा एकमेकींना समांतर धावतात. ही बाधा एका दिवसात एकाच वेळी अनेक झाडांवर दिसते. रोग असा सर्वांवर एकदम येत नाही. शेजारच्या वांग्यांवर, मिरचीवरही तसेच दिसले तर संशय पक्का समजावा. मात्रा थोडी असेल तर झाड काही आठवड्यांत सावरते आणि पुढची पाने पूर्ववत येतात. तणनाशकासाठी वेगळा पंप ठेवणे आणि त्यावर तसे ठळकपणे लिहिणे, याला पर्याय नाही.

इतके पाहूनही निदान न झाल्यास घाई करू नये. सर्वांत वरच्या पूर्ण उघडलेल्या पानाच्या देठाला रंगीत दोरा सैलसर बांधावा, संशयित कुंडी इतरांपासून दूर नेऊन जाळीने झाकावी आणि आठ-दहा दिवस थांबावे. या मुदतीत दोऱ्याच्या वर नवी पाने आलेली असतील. ती पूर्ण आकाराची आणि हिरवी असतील तर झाड ताणाखाली होते किंवा तणनाशकाच्या झटक्यातून सावरत आहे, ते ठेवावे. ती दोऱ्याखालच्या पानांहून बारीक, पिवळसर आणि दाटीने आलेली असतील तर पर्णगुच्छ समजून झाड काढावे. काढायचे तेव्हा पहाटेच्या गारव्यात काढावे, कारण त्या वेळी पांढऱ्या माश्या सुस्त असतात. झाडावर आधी मोठी पिशवी घालावी, मग बुंध्याशी कापून पिशवीचे तोंड बांधावे. ते तसेच उन्हात दोन दिवस ठेवून मग पुरावे किंवा कचऱ्यात द्यावे. उघड्या ढिगावर टाकू नये. त्यावरील मोठी झालेली हिरवी फळे तोडून घ्यावीत. वनस्पतींचे हे विषाणू माणसाला बाधत नाहीत, आणि हिरव्या टोमॅटोची चटणी चांगली होते.